नौकेवरचें बिऱ्हाड आणि समुद्रतळींची यात्रा

समुद्रयान करावें कीं नाहीं, या प्रश्नावर आपल्या समाजांत एके काळीं किती वाद माजले होते, हें आजच्या तरुण पिढीस सांगूनहि खरें वाटत नाहीं. बौधायन धर्मसूत्रांत पातित्यास कारण होणाऱ्या कर्मांची जी यादी आहे, तींत समुद्रसंयान हें अग्रस्थानीं आहे. इ. स. १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्याकरितां अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांच्यावर झालेला टीकेचा भडिमार सर्वश्रुत आहे. तो निषेध आतां इतिहासजमा झाला; बहुतेक सुशिक्षित घरांतील एखादें तरी माणूस आज परदेशीं आहे. परंतु काळाची गति अशी कीं, समुद्र ओलांडण्याचा प्रश्न सुटतो न सुटतो तोंच समुद्राच्या पोटांत शिरण्याचा प्रश्न आमच्या माजघरांत येऊन उभा राहिला आहे. "आठ दिवस बोटीवरच राहणार, आणि रोज तीन वेळां पाण्याखालीं उतरणार," असें घरांतील मुलीनें जेवतां जेवतां सहज सांगितलें, तर वडील मंडळींनीं काय म्हणावें? नुसतें 'नको' म्हणणें सोपें आहे, आणि नुसतें 'जा' म्हणणें त्याहूनहि सोपें. दोन्हींच्या आधीं ती गोष्ट आहे तरी काय, हें समजून घेणें अगत्याचें होय. त्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची नात गेल्या हिंवाळ्यांत मालदीव बेटांत अशी यात्रा करून आली. तिची टिपणवही, तिच्याशीं झालेलें बोलणें आणि त्या निमित्तानें केलेलें वाचन, या तिहींच्या आधारें पुढील माहिती वाचकांपुढें ठेवीत आहें.

सह्याद्रीचीं सावत्र भावंडें

नकाशा उघडून पाहिला तर केरळाच्या नैर्ऋत्येस हिंदी महासागरांत उत्तरेकडून दक्षिणेकडे ओवलेली ठिपक्यांची एक लांब माळ दिसते. तीच मालदीव बेटें. 'मालाद्वीप' या संस्कृत शब्दावरून हें नांव आलें असावें, असें पुष्कळ विद्वान् मानतात. एकूण बेटें सुमारे १,१९०. त्यांपैकीं मनुष्यवस्ती दोनशेंहूनहि कमी बेटांवर. हीं बेटें एकेकटीं नाहींत. पोंवळ्यांच्या खडकाचें एक मोठें कडें, त्याच्या आंत उथळ निळें पाणी, आणि कड्याच्या पाठीवर वाळूचीं बेटें, अशी त्यांची रचना आहे. अशा कड्यास तेथील लोक 'अतोळु' म्हणतात. हाच शब्द 'अटोल' या रूपानें जगांतील सर्व भूगोलाच्या पुस्तकांत शिरला आहे.

हीं कडीं कशीं झालीं? सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, भारताची भूमि दक्षिण गोलार्धांतून उत्तरेकडे सरकत असतां, भूगर्भांतील एका तप्त स्थानावरून ती गेली. त्या वेळीं जो लाव्हारस वर आला त्याच्या थरांवर थर बसून आपलें दख्खनचें पठार व सह्याद्रीचे कडे बनले. भूमि पुढें सरकली, पण तें तप्त स्थान मागें धुमसतच राहिलें. त्यांतूनच समुद्रांत लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ज्वालामुखींची रांग क्रमानें उठली. आज तेंच स्थान रियुनियन बेटाखालीं आहे व तेथील ज्वालामुखी अद्यापि जागृत आहे. म्हणजे राजगडाचा काळा पाषाण आणि मालदीवच्या पांढऱ्या वाळूखालीं खोल दडलेला खडक हीं एकाच अग्नीचीं लेकरें होत. ज्वालामुखी विझले, खचले, समुद्रांत बुडाले. त्यांच्या माथ्यावर पोंवळीं मात्र वाढत राहिलीं.

पर्वत खाली बुडत जातो व पोंवळीं वर वाढत जातात, म्हणून कडें तयार होतें, हा सिद्धान्त डार्विननें १८४२ साली ग्रंथरूपानें मांडला. डार्विन मालदीवला कधींच गेला नव्हता. मुंबईच्या आरमारांतील कॅप्टन मोर्झ्बी यानें १८३४ ते १८३६ या काळांत या बेटांची जी मोजणी केली होती, तिच्या नकाशांचा त्यास उपयोग झाला. पुढें १९५२ मध्यें पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक येथें भोंक पाडून पाहतां, हजार मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखालीं ज्वालामुखीचा खडक लागला. हिमयुगांत समुद्राची पातळी वारंवार खालीं-वर झाली, त्याचाहि या कड्यांच्या घडणींत मोठा वांटा आहे, असें अलीकडील शास्त्रज्ञ म्हणतात.

भाषेंतील नातें आणि कवडीचें मोल

संस्कृताच्या अभ्यासकास मालदीवची दिवेही भाषा म्हणजे एक मेजवानीच आहे. ती आर्यकुळांतील असून सिंहलीची सख्खी बहीण आहे. 'दिवेही' म्हणजे द्वीपवासी. आमच्या नातीनें नौकेवरील खलाशांकडून कांहीं शब्द उतरवून आणले होते. पाण्याला ते 'फेन्' म्हणतात, पायाला 'फय्', पांचाला 'फस्'. आपल्या 'प'चा तेथें 'फ' होतो, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे शब्द आपोआप ओळखूं येऊं लागतात. दिवसाला 'दुवस्', रात्रीला 'रे', माशाला 'मस्'. 'सप्त'मधील 'स'चा 'ह' होऊन साताला 'हत्'. तिथल्या 'दोनी' नांवाच्या होडींत आपली 'डोणी', म्हणजेच संस्कृत 'द्रोणी', दिसते. परक्या देशांत गेलेल्या मुलीला पोळीसाठीं 'रोशी' हा शब्द ऐकूं आला, तेव्हां तिला आपल्याच आळींत आल्यासारखें वाटलें. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावरचे आपले भारतीय बांधवहि हीच भाषा बोलतात.

दुसरें नातें कवडीचें. 'कवडीमोल' हा शब्द आपण रोज वापरतों. पण ती कवडी येई कोठून, याचा विचार क्वचितच करितों. शेंकडों वर्षें बंगालच्या बाजारांत चालणाऱ्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवांतून होत असे. इब्न बतूता हा प्रवासी १३४३ साली तेथें गेला व कांहीं काळ काजी म्हणून राहिला. जिवंत कवड्या गोळा करून वाळूंतील खड्ड्यांत पुरतात, आंतील प्राणी कुजून गेला कीं पांढरें कवच उरतें, आणि बंगाली लोक तांदूळ देऊन त्या घेतात, असें त्यानें नमूद केलें आहे. पुढें युरोपीय व्यापाऱ्यांनीं याच कवड्या जहाजें भरभरून पश्चिम आफ्रिकेस नेल्या व त्या देऊन माणसें विकत घेतलीं. सारीपाटावर खुळखुळणाऱ्या त्या निरुपद्रवी वस्तूचा हा इतिहास मुलांना अवश्य सांगावा.

पाण्याखालचा श्वास

पाण्याखालीं श्वास घेण्याची युक्ति कशी साधली, हें आतां पाहूं. जड तांब्याचें शिरस्त्राण घालून, वरून नळीनें हवा घेत पाण्यांत उतरणारे पाणबुडे एकोणिसाव्या शतकांतच होते. त्या नळीच्या दाव्यांतून माणसास मोकळें केलें तें १९४३ मध्यें, जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्समध्यें. झाक कुस्तो हा नाविक अधिकारी आणि एमील गान्यां हा यंत्रज्ञ, या दोघांनीं पाठीवरच्या टाकींतील दाबलेली हवा, माणूस श्वास घेईल तेव्हां आणि हवी तितकीच, तोंडांत सोडणारी झडप तयार केली. युद्धामुळें पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या वायूवर चालवीत. त्यांतील झडपेंत फेरफार करून हें साधलें. आज 'स्कूबा' म्हणतात तें हेंच साधन.

यांतील गणित शाळेच्या मुलासहि करतां येईल. समुद्राच्या पृष्ठभागावर आपणांवर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यांत दर १० मीटर खालीं गेलें कीं आणखी एका वातावरणाचा दाब वाढतो. १२ लिटरांच्या टाकींत २०० पट दाबानें हवा भरली तर ती २,४०० लिटर होते. मनुष्य मिनिटास २० लिटर हवा घेतो असें धरलें, तर ती वर दोन तास पुरेल. परंतु २० मीटरांवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासास तिप्पट हवा लागते व तीच टाकी ४० मिनिटांत संपते. त्यांतून चौथा हिस्सा राखून ठेवावयाचा, म्हणजे हातीं राहिलीं ३० मिनिटें.

याच गणितांत धोकाहि दडलेला आहे. वर येतांना दाब कमी होतो व छातींतील हवा फुगते. १० मीटरांवरून श्वास कोंडून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांतील हवा दुप्पट होऊं पाहते व फुप्फुस फाटतें. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा कीं, श्वास कधींहि रोखूं नये. प्राणायामाच्या भाषेंत सांगावयाचें तर पूरक आणि रेचक अखंड चालवावे, कुंभक मात्र पूर्ण वर्ज्य.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. दाबाखालीं हवेंतील नत्रवायु रक्तांत व मांसांत विरघळतो. माणूस हळूहळू वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच उघडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे शरीरांतच उठतात. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधतांना दाबलेल्या हवेच्या कोठ्यांत काम करणारे मजूर याच विकारानें लुळे पडले. त्यांचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हा १८७२ पासून जन्माचा अधू झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें १८७८ साली याचें कारण सिद्ध केलें. आणि जॉन स्कॉट हॉल्डेन यानें बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती वेळानें वर यावें याचीं कोष्टकें १९०८ साली प्रसिद्ध केलीं. १९०६ च्या प्रयोगांत त्यानें आपल्या तेरा वर्षांच्या मुलासहि समुद्रांत उतरविलें होतें! हाच मुलगा पुढें थोर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून गाजला, १९५७ मध्यें भारतांत येऊन स्थायिक झाला, येथील नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरास वारला. आज ती कोष्टकें मनगटावरील घड्याळाएवढ्या यंत्रांत सामावलीं आहेत. तरी नियम तेच: मिनिटास नऊ-दहा मीटरांहून अधिक वेगानें वर यावयाचें नाहीं, ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबावयाचें, आणि शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानांत बसावयाचें नाहीं. मालदीव सरकारनें हौशी पाणबुड्यांस ३० मीटरांची मर्यादा कायद्यानेंच घालून दिली आहे.

नौकेवरची दिनचर्या

अशा यात्रेस नौकेवरच राहावें लागतें, याचें कारण साधें आहे. उत्तम स्थळें एकमेकांपासून दूर, कड्यांच्या तोंडाशीं असतात. किनाऱ्यावर राहून तीं गांठतां येत नाहींत. ऑस्ट्रियाचा हान्स हास हा 'झारिफा' नांवाच्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर शास्त्रज्ञांसह मुक्काम ठोकून १९५७-५८ मध्यें मालदीवांत हिंडला होता. आजच्या यात्रा त्याच वाटेनें चालल्या आहेत; फरक इतकाच कीं, तेथें शास्त्रज्ञ होते आणि येथें प्रवासी आहेत.

राजधानी माले हिच्याजवळ समुद्र भरून तयार केलेलें हुळुमाले नांवाचें बेट आहे. तेथील खाडींतून नौका सुटते. तीवर वीसएक प्रवासी, तितकेच खलाशी व वाटाडे. बरोबर एक 'दोनी' चालते. तिच्यावर हवा भरण्याचें यंत्र, टाक्या व सर्व सामग्री, म्हणजे मोठ्या नौकेवर ओल आणि गोंगाट नको. पहांटे साडेपांचास घंटा होते. चहाचा घोट घेऊन सर्वांनीं फळ्यापुढें बसावयाचें. वाटाड्या खडूनें खडकाची आकृति काढतो, प्रवाह कोणत्या दिशेनें आहे, कोठें उतरावयाचें, कितीं वाजतां वर यावयाचें, हें समजावून सांगतो. "आजोबा, तुमच्या वर्गाची आठवण झाली," असें नातीनें आम्हांस सांगितलें. दोघां-दोघांची जोडी ठरलेली. जोडीदारास सोडून कोणीहि दृष्टीआड व्हावयाचें नाहीं. मग दोनीवरून उडी.

तिच्या आजीनें विचारलें, "अगो, खालीं गेल्यावर हांक मारायची झाली तर?" हांक मारतां येत नाहीं, आणि आली तरी उपयोग नाहीं. पाण्यांत ध्वनीचा वेग हवेच्या चौपटीहून अधिक असल्यानें तो कोणत्या बाजूनें आला हें कानांस कळत नाहीं. म्हणून सारें बोलणें हातांनीं. अंगठा व तर्जनी जुळविली कीं 'सर्व ठीक'. ही तर आपली ज्ञानमुद्राच. अंगठा वर केला तर 'छान' असा अर्थ नव्हे. 'वर चला' असा. तांबडा रंग पांचदहा मीटरांतच लोपतो. बोट कापलें तर रक्त हिरवट-काळें दिसतें. वस्तु एकतृतीयांशानें मोठ्या भासतात. आमची नात म्हणते, "माशांच्या गोष्टी सांगणाऱ्याला अतिशयोक्तीचा दोष देऊं नये, त्याला खरोखर तसेच दिसतात."

दिवसांतून तीन बुड्या, मध्यें जेवण आणि झोंप. शाकाहारी माणसाचें कसें होतें, हा प्रश्न आमच्या घरीं अर्थातच निघाला. मालदीवी स्वयंपाकांत टुना, म्हणजे आपल्या कोंकणांतला कुपा, सर्वत्र असतो; पण आगाऊ सांगितल्यास डाळ, भात, भाज्या व रोशी मिळते. रात्रीं नौका कड्याच्या आंत शांत पाण्यांत नांगरतात. मागच्या बाजूस दिवा सोडला कीं त्या प्रकाशाकडे सूक्ष्म जीव गोळा होतात, आणि ते खाण्यास कधीं कधीं मांटा नांवाची प्रचंड पाकट येते. तिला नांगीचा कांटा नाहीं. ती कोणास दुखवीत नाहीं. तोंड उघडें ठेवून, पाणी गाळीत, ती दिव्याखालीं कोलांट्या घेत राहते. कालिदासानें रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत नदीमुखाचें पाणी जीवांसह गिळून मस्तकांतून फवारे उडविणारा तिमि वर्णिला आहे; त्याची ही दूरची नातलग म्हणावी. दक्षिण अरि कड्यावर तर व्हेल शार्क, जगांतील सर्वांत मोठा मासा, तोहि असेच सूक्ष्म जीव गाळून जगतांना दिसतो. मालदीवांत त्यास १९९५ पासून संरक्षण आहे, आणि २०१० मध्यें सर्वच जातींच्या शार्कांची शिकार बंद करण्यांत आली. मेलेल्या शार्काहून जिवंत शार्क देशास अधिक मिळवून देतो, हा हिशेब सरकारास पटला. बा कड्यावरील हनिफारू येथें पावसाळ्यांत मांटा शेंकड्यांनीं जमतात. तेथें टाकी घेऊन उतरण्यास मनाई आहे, पृष्ठभागावरूनच पाहावें लागतें. २०११ मध्यें युनेस्कोनें त्या प्रदेशास राखीव जीवावरणाचा मान दिला आहे.

पोंवळ्यांची आपत्ति

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. संस्कृतांत पोंवळ्यास 'विद्रुम' म्हणतात, म्हणजे एक प्रकारचा द्रुम, झाड. आपण त्यास नवरत्नांत बसवितों व मंगळासाठीं अंगठींत घालतों. युरोपांतहि तें वनस्पतिच मानीत. पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत 'हा प्राणी आहे' असें सांगितलें, तेव्हां विद्वानांनीं त्याचें ऐकलें नाहीं. वस्तुतः खडकाचें पोंवळें म्हणजे लहान लहान मृदु प्राण्यांची वसाहत. प्रत्येकजण पाण्यांतील चुना घेऊन आपल्यापुरती घरकुलाची भिंत बांधतो. त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल भाड्यानें राहतें; सूर्यप्रकाशावर अन्न करून त्यांतील मोठा वांटा तें घरमालकास देतें, आणि रंगहि तेंच देतें. एकत्र कुटुंबाची याहून चांगली उपमा मिळणें कठीण.

परंतु हें कुटुंब फार नाजुक आहे. समुद्राचें पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षां एखादा अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हें सख्य बिघडतें. प्राणी शैवालास बाहेर काढतो, स्वतः पांढरा फटक पडतो, आणि उष्मा लवकर ओसरला नाहीं तर उपासमारीनें मरतो. १९९८ साली मालदीवच्या उथळ पाण्यांतील दहांपैकीं नऊ पोंवळीं अशीं मेलीं. भरून यावयास पंधराएक वर्षें लागलीं. २०१६ मध्यें पुन्हां उष्मा आला; पाहणी केलेल्या वसाहतींपैकीं सुमारे साठ टक्के पांढऱ्या पडल्याची नोंद झाली. २०२४ च्या उन्हाळ्यांत तिसरा घाला. वाचकांनीं वजाबाकी करून पाहावी. पहिल्या दोन आपत्तींमध्यें १८ वर्षांचें अंतर होतें. पुढच्या दोहोंत केवळ ८ वर्षांचें. ज्या रोग्यास उठून बसावयास पंधरा वर्षें लागतात, त्यास आठव्या वर्षीं पुन्हां ताप भरला तर काय व्हावें?

आमच्या नातीच्या वहींत पहिल्या दिवशींची नोंद अशी आहे: "रंग पाहायचे म्हणून उतरलें. उथळ भागांत मोडक्या फांद्यांचा नुसता खच. हात लावायची बंदी आहे, पण लावण्यासारखें उरलेंच काय, असें मनांत आलें. मग वाटाड्यानें बोट दाखविलें. त्या खचांतच नखाएवढीं दोन नवीं पोंवळीं उगवलेलीं होतीं." चौथ्या दिवशीं, खोल प्रवाहाच्या तोंडाशीं, तिनें खच्चून भरलेला जिवंत खडक पाहिला. ती म्हणाली, "आजोबा, तिथें गेलें नसतें तर आपण काय गमावतों आहों तें मला कळलेंच नसतें."

हें गमावणें केवळ सौंदर्याचें नव्हे. या बेटांची वाळू म्हणजे पोंवळ्यांचाच चुरा आहे. तिचा बराच भाग तर पोपटमासा खडक कुरतडून, पचवून, बाहेर टाकतो. पोंवळीं आहेत म्हणून लाटा बाहेर फुटतात. देशाची बहुतेक भूमि समुद्रापासून एक मीटरहि उंच नाहीं. सुमारे पांच लक्ष लोकांची ही सारी वस्ती पोंवळ्यांच्या जिवावर उभी आहे. २००९ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनीं आपल्या मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखालीं, पाठीवर टाक्या बांधून भरविली व हवेंतील कर्बवायु कमी करण्याच्या आवाहनावर सह्या केल्या, ती नुसती गंमत नव्हती. आपलें लक्षद्वीपहि याच माळेंतील आहे, आणि तेथील पोंवळीं याच तापानें होरपळत आहेत.

मग जावें कीं न जावें?

येथें विवेकाचा प्रश्न उभा राहतो. ज्या विमानानें प्रवासी जातो, त्याचा धूर त्याच समुद्रास तापवितो. नौकांचे नांगर खडक फोडतात; प्रवाशांसाठीं बेटें वाढवितांना उथळ समुद्र उपसला जातो, त्याचा गाळ पोंवळ्यांवर बसतो; मालेजवळच्या थिलाफुशी बेटावर १९९२ पासून कचरा टाकीत आले आहेत. उलट, शार्कांची शिकार बंद झाली, कांहीं कडीं राखीव झालीं, तीं प्रवासी येतात म्हणूनच. दोन्ही बाजूंनीं खरें आहे. एक बाजू लपवून निर्णय करूं नये.

आमचें मत असें कीं, जाणाऱ्यानें तीर्थयात्रेच्या नियमांनीं जावें. वारंवार न जातां, शिकून, तयारीनें एकदां जावें. कशासहि स्पर्श करूं नये. शिंपलाहि उचलूं नये. पाण्यांत विरघळून पोंवळ्यांस बाधणारीं मलमें अंगास लावूं नयेत, त्यापेक्षां पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा. आणि परतल्यावर पाहिलेलें चारचौघांस सांगावें.

घरांतील वडील मंडळींनीं मात्र कांहीं प्रश्न विचारल्यावांचून होकार देऊं नये. पहिला, रीतसर शिक्षण झालें आहे काय? आपल्याकडे मालवणजवळ तारकर्ली येथें याचें शिक्षण देणारी संस्था आहे. सिंधुदुर्गाच्या पाण्यांत वाटाड्यानें धरून एकदां खालीं नेलें, एवढ्यावर कोणी मालदीवच्या प्रवाहांत उतरूं नये. दुसरा, वैद्यांनीं कान, छाती व हृदय तपासलें आहे काय? दमा असेल तर तो लपवूं नये. तिसरा, दाबकोठी, म्हणजे बुडबुड्यांच्या विकारावर उपचार करण्याची जागा, मार्गांतून किती तासांवर आहे, आणि विम्यांत तो खर्च धरला आहे काय? चौथा प्रश्न नौकेचा, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं. २ सप्टेंबर १९१९ नव्हे, अगदीं अलीकडे, २ सप्टेंबर २०१९ रोजीं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत 'कन्सेप्शन' नांवाच्या अशाच नौकेस मध्यरात्रीनंतर आग लागली. तळघरांत निजलेलीं ३४ माणसें वर येऊं शकलीं नाहींत. रात्रीं जागता पहारा ठेवण्याचा नियम होता. पहारा मात्र नव्हता. पाण्याखालच्या सर्व धोक्यांचा अभ्यास केलेलीं तीं माणसें बिछान्यांतच गेलीं. म्हणून विचारावें: रात्रीं पहारेकरी असतो काय? निजण्याच्या जागेस दोन वाटा आहेत काय? विजेचे दिवे व छायायंत्रें यांच्या बॅटऱ्या रात्रभर निजण्याच्या जागीं तर भारीत नाहींत ना? पांचवा व शेवटचा प्रश्न मुलीस अगर मुलासच: मनास पटत नसेल, प्रवाह जोराचा वाटत असेल, तर चारचौघांदेखत "आज मी उतरत नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य आहे काय?

आमच्या नातीनें या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कृतीनें दिलें होतें. पांचव्या दिवशीं सर्दीनें कान दडे बसले, तेव्हां दोन बुड्या तिनें सोडल्या व नौकेच्या नाळेशीं बसून खलाशांकडून दिवेही शब्द उतरवून घेतले. वर दिलेले शब्द त्याच दुपारचे आहेत. अशा विचारानें वागणाऱ्या मुलांस समुद्राच्या तळाशीं पाठविण्यास वडिलांनीं कां कूं करूं नये; आणि तीं परत आलीं म्हणजे छायाचित्रांवरून नुसती नजर न फिरवितां, सर्व घरानें एकत्र बसून त्यांचें सांगणें पुरतें ऐकून घ्यावें.